पाठीवरचा पंप, पोटातला प्रश्न

पत्र थोडक्यात असं आहे. एक वाचक ताई गेली दोन वर्षं जवळच्याच एका छोट्या शेतावरून भाजी घेतात. शेत एका नवरा-बायकोचं. 'नैसर्गिक पद्धतीने पिकवलेलं' एवढंच ते सांगतात, प्रमाणपत्र नाही. हंगामाचे पैसे आगाऊ द्यायचे, दर आठवड्याला भरलेला क्रेट न्यायचा आणि रिकामा परत आणायचा, अशी पद्धत. महिन्याभरापूर्वी ताई न कळवता शेतावर गेल्या, तर शेतकरीदादा पाठीला पंप अडकवून टोमॅटोवर काहीतरी निळसर फवारत होते. ताई फाटकातूनच माघारी फिरल्या. जाऊबाई म्हणतात, "चक्क फसवलं तुला." मुलगा म्हणतो, "सगळी भाजी सारखीच असते, बाजारातून आण आणि विषय मिटव." त्यातच सलग पाचव्या आठवड्यात कोबी आला, पालक दोन दिवसांत मान टाकायला लागला, आणि फ्लॉवरमधून अळी निघाली तेव्हा नवऱ्याने ताट बाजूला सारलं. पुढच्या हंगामाचे पैसे पंधरा दिवसांत भरायचे आहेत. "सोडू का? आणि सोडलं तर त्यांच्या पोटावर पाय दिल्यासारखं होईल का?" असं त्या विचारतात. शेवटी एक ओळ: "हल्ली मी जातच नाही, शेजारीण तिच्याबरोबर माझाही क्रेट आणते. तीन रिकामे क्रेट गॅलरीत पडून आहेत."

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी बोटं मोडून मोजलं. जाऊबाईंशी बोललात, मुलाशी बोललात, नवऱ्याशी बोललात, आणि आता मला लिहिलंत. ज्यांच्या पाठीवर पंप होता त्यांना तेवढं विचारलं नाहीत.

हे टोमणा म्हणून घेऊ नका. फाटकातून मागे फिरायला लावणारी भावना मला ठाऊक आहे. ज्यांच्या हातून दोन वर्षं पोराबाळांसाठी भाजी घेतली, त्यांना तोंडावर "हे काय मारताय?" असं विचारायचं म्हणजे संशय घेतल्यासारखं वाटतं. शिवाय नको ते उत्तर आलं तर? त्यापेक्षा न विचारणं सोपं. पण न विचारलेला प्रश्न जागच्या जागी राहत नाही. तुमच्या बाबतीत तो कोबीत शिरला, पालकात शिरला, नवऱ्याच्या ताटात जाऊन बसला. महिन्यापूर्वी पाच आठवडे कोबी आला असता तर तुम्ही "पुन्हा कोबी!" म्हणून हसला असता. आता तो तुम्हाला पुरावा वाटतो.

तर आधी पंपाचं बोलू.

'नैसर्गिक' म्हणजे 'काहीच न फवारलेलं' हे समीकरण तुम्ही धरून चालला आहात. बहुतेक ग्राहक तसंच धरतात आणि काही विक्रेतेही ते तसंच राहू देतात, कारण ऐकायला बरं वाटतं. पण मावा, तुडतुडे या किडी आणि करपा, भुरी हे रोग, हेही निसर्गाचेच. पाऊसमान दमट झालं की करपा टोमॅटोचा अख्खा वाफा आठवड्यात जाळून टाकतो. रासायनिक औषधं न वापरणारा शेतकरी हातावर हात ठेवून बसत नसतो. तो पिकाची फेरपालट करतो, रोपांत अंतर ठेवतो, खालची पानं काढतो, चिकट सापळे लावतो, आणि एवढं करून भागलं नाही तर पंप उचलतो. पंप हे एक भांडं आहे. त्यात साबणाचं पाणी असू शकतं, कडुनिंबाचा अर्क असू शकतो. बीटी असू शकतं, म्हणजे रेशीमकिडे का मरतात हे शोधताना १९०१ मध्ये जपानमध्ये सापडलेला एक जिवाणू, जो अळीच्या पोटात गेल्यावर तिला मारतो. आणि हो, त्यात सरळ दुकानातलं रासायनिक बुरशीनाशकही असू शकतं.

निळसर रंगावरून माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते बोर्डो मिश्रणाचं. मोरचूद (म्हणजे तांब्याचा निळा क्षार) आणि चुना पाण्यात कालवून केलेलं. याची जन्मकथा मजेदार आहे. १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या मेदॉक भागातले द्राक्षवाले रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं कालवण शिंपडत असत, ते रोगासाठी नव्हे, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून! त्या वर्षांत केवडा नावाच्या रोगाने बागाच्या बागा उघड्याबोडक्या केल्या होत्या. बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या, चोरांना घाबरवण्यासाठी रंगवलेल्या वेलींची पानं तेवढी टिकली आहेत. १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जगापुढे मांडलं, आणि आजही अनेक देशांच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत ते मर्यादित प्रमाणात चालतं.

म्हणजे दादा निर्दोष? निळा रंग बघून मी पैज लावणार नाही. आणि बोर्डोच असलं तरी प्रश्न संपत नाही. तांबं हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, विरत नाही. दर वर्षी मारलेलं मातीत साठत जातं आणि जास्त झालं की गांडुळांना जड जातं. म्हणूनच युरोपीय संघाने त्याला हेक्टरी सात वर्षांत २८ किलो अशी मर्यादा घातली आहे. शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रम हे कीटकनाशक शंभर टक्के नैसर्गिक, पण मधमाश्यांना आणि माशांना घातक. 'नैसर्गिक' आणि 'निरुपद्रवी' हे दोन शब्द सख्खे भाऊ नाहीत, फार तर शेजारी असतील.

त्यामुळे "फवारता का?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही. कामाचे प्रश्न वेगळे: काय फवारलं, कशासाठी, हंगामात किती वेळा, आणि शेवटची फवारणी व तोडणी यांत किती दिवस गेले. या शेवटच्या प्रश्नाकडे ग्राहकाचं लक्षच नसतं, आणि खरं तर ताटाशी सगळ्यात जवळचा तोच. जो मन लावून शेती करतो त्याला हे प्रश्न विचारले तर तो सहसा रागावत नाही, उलट आवरत नाही. तुम्हाला मातीपासून सुरुवात करून मागच्या पावसापर्यंत घेऊन जाईल, तुम्ही घड्याळाकडे बघाल. काहींकडे फवारणीची वही असते, तारीखवार. मागून बघा.

मला भीती वाटते ती वेगळ्याच उत्तराची. "आम्ही काहीच मारत नाही, काही लागतच नाही," आणि समोर बारा महिने काचेसारखी चकचकीत वांगी. असं उत्तर आलं तर दोन पावलं मागे सरा.

आता तुमची दुसरी खंत, प्रमाणपत्र नाही याची. 'सेंद्रिय' हा शब्द अनेक देशांत कायद्याने बांधलेला आहे, वाटेल त्याने लावायचा नाही. ताज्या भाजीवरच्या 'नैसर्गिक' या शब्दाला बहुतेक ठिकाणी असा पहारा नाही, म्हणून तो कुणीही वापरतो, प्रामाणिक माणूसही आणि दुसराही. पण प्रमाणपत्र म्हणजे काय, हेही नीट बघू. तुमच्या हातातला टोमॅटो कुणी प्रयोगशाळेत तपासला, असा त्याचा अर्थ नसतो. ठरलेल्या पद्धतीने शेती होते का, हे कुणीतरी वर्षातून एकदा येऊन, वह्या बघून, शेतात फिरून तपासलं, एवढा त्याचा अर्थ. त्याला मोल आहेच. हजार मैलांवरच्या अनोळखी शेतातून माल येतो तेव्हा मी प्रमाणपत्राशिवाय विश्वास ठेवणार नाही. पण तपासणीची फी, कागदपत्रं, वर्षानुवर्षांच्या नोंदी हे ओझं पंचवीस प्रकारच्या भाज्या थोड्या थोड्या लावणाऱ्या छोट्या शेताला भारी पडतं. अमेरिकेत राष्ट्रीय सेंद्रिय नियम लागू झाले त्याच वर्षी, २००२ मध्ये, तिथल्या छोट्या शेतकऱ्यांनी 'सर्टिफाइड नॅचरली ग्रोन' नावाची वेगळी व्यवस्था उभी केली, ज्यात शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. याच विचाराच्या सहभागी हमी पद्धती आज अनेक देशांत आहेत, भारतातही. तुमच्या जोडप्याला अशा गटाबद्दल जरूर विचारा. ते त्यात नसतील तर का नाहीत, हेही कळेल.

आणखी एक विचारण्यासारखं: ही जमीन आधी कुणाकडे होती, तिच्यात काय जायचं? अमेरिकी नियमांत निषिद्ध रसायन शेवटचं पडल्यापासून तीन वर्षं गेल्याशिवाय त्या जमिनीतल्या पिकाला सेंद्रिय म्हणता येत नाही. आणि बांधापलीकडचा शेजारी काय मारतो? वारा बांध मानत नाही.

इथे मला माझंच एक सांगायला हवं, म्हणजे मी फार शहाणी आहे असा तुमचा समज व्हायला नको. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही एका छोट्या शेतावरून भाजी घ्यायचे. गृहस्थ गोड बोलायचे, भाजीला माती लागलेली असायची, आणि मला ती माती म्हणजेच सच्चेपणाचा शिक्का वाटायचा. एक दिवस क्रेटच्या तळाशी घाऊक बाजारातल्या पोत्याची चिठ्ठी निघाली, सुतळीसकट. आठ आठवडे मी तोंड उघडलं नाही. मनातल्या मनात खटला चालवला, निकाल दिला, शिक्षाही ठरवली. शेवटी विचारलं तेव्हा ते सहज म्हणाले, "अहो, काकडी गेली यंदा सगळी, मग बाजारातली घालतोय अर्धी." त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं, आणि मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं! मी ते शेत सोडलं. आजही तो निर्णय मला बरोबर वाटतो, कारण स्वतः पिकवलेलं म्हणून दुसऱ्याचं विकणं ही माझ्यासाठी रेघ होती. पण त्या आठ आठवड्यांचा राग बराचसा माझा मीच शिजवलेला होता. पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं तर कदाचित "अर्धा क्रेट द्या, पण तुमचाच द्या" असं काही ठरलं असतं.

तुमची रेघ कुठे आहे? ते आधी ठरवा, मगच शेतावर जा. रासायनिक औषध एकदाही चालणार नाही, अशी आहे का? की पीक हातचं जात असताना एकदा मारलं आणि आधी सांगितलं, तर चालेल? दोन्ही रेघा योग्यच. पण रेघ न ओढताच गेलात तर उत्तर कसंही आलं तरी तुम्ही अर्धवट समाधानाने परताल.

आता कोबी. आगाऊ पैसे देऊन शेताचा वाटा घेण्याची ही पद्धत तशी जुनी. जपानमध्ये १९७० च्या दशकात 'तेइकेई' नावाने ती रुजली. तिथली सेंद्रिय शेती संघटना १९७१ मध्ये सहकार क्षेत्रातले तेरुओ इचिराकू यांच्या पुढाकाराने उभी राहिली होती. अमेरिकेत अशी पहिली दोन शेतं १९८६ मध्ये सुरू झाली. कल्पना अशी की ग्राहक भाजी विकत घेत नाही, हंगामात भागीदार होतो. पीक भरभरून आलं तर भरभरून, बुडालं तर दोघांचं थोडं थोडं. या हिशेबाने कोबीचा पूर हा सौद्याचाच भाग आहे.

पण हे तुम्हाला कुणी नीट सांगितलं होतं का? तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. आणि इथे मी शेतकरीदादांच्या बाजूने नाही. सलग पाच आठवडे कोबी येणं हा नेहमी निसर्गाचा कारभार नसतो, पुष्कळदा नियोजनाची चूक असते. सगळी रोपं एकाच दिवशी लावली की सगळे गड्डे एकदम भरतात आणि फुटायच्या आत काढावे लागतात. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लागवड केली की असं होत नाही. हे त्यांना सांगा. ग्राहक गप्प राहून सोडून जातात, त्यामुळे शेतकऱ्याला आपलं काय चुकलं ते कधी कळतच नाही. पुढच्या हंगामाचा लागवडीचा तक्ता मागा: कोणत्या महिन्यात साधारण काय येणार. कागदाचं अर्धं पान पुरतं. क्रेटमधली एखादी भाजी दुसऱ्या ग्राहकाशी बदलून घ्यायची सोय आहे का, तेही विचारा. पुष्कळ शेतांवर नको असलेलं ठेवून दुसरं उचलायला एक वेगळी टोपली ठेवतात. साधी युक्ती, पण निम्म्या कुरबुरी तिथेच संपतात.

पालकाचं मात्र मला वेगळंच दिसतंय. "पालक दोन दिवसांत मान टाकायला लागला" असं लिहिलंय. कधीपासून? शेजारीण क्रेट आणायला लागल्यापासून तर नाही? तोडल्यानंतरही पान श्वास घेत असतं, पाणी सोडत असतं. सकाळी तोडलेला पालक संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी दारात उघड्या क्रेटमध्ये पडला, तर त्याच्या आयुष्यातले दोन-तीन दिवस त्या एका दुपारीच गेले. पेनसिल्व्हानिया राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये पालकावर केलेल्या अभ्यासात चार अंश सेल्सिअसला ठेवलेल्या पालकातलं जवळजवळ निम्मं फोलेट (हे एक ब जीवनसत्त्व) आठ दिवसांत गेलं, आणि वीस अंशाला तेवढंच जायला चार दिवस पुरले. छोट्या जवळच्या शेताचा खरा फायदा हाच, तोडणी आणि ताट यांतलं अंतर. दूरच्या सेंद्रिय भाजीलाही जो मिळत नाही, तो फायदा तुम्ही शेजाऱ्यांच्या जिन्यात घालवताय. क्रेट घरी आला की पालेभाजी आधी उचला, पिवळी पानं काढा, न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, धुवा वापरायच्या वेळी. गाजर-मुळ्याचा पाला लगेच कापून वेगळा ठेवा, तो कंदातलं पाणी ओढून घेतो. टोमॅटो फ्रीजमध्ये नको, थंडीने त्याची चव मरते. आणि पिकलेली फळं पालेभाजीजवळ ठेवू नका, त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

अळीबद्दल दोनच वाक्यं. फ्लॉवरचे तुरे सुटे करून पंधरा-वीस मिनिटं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली धुवा. नवऱ्याने ताट सारलं त्याचं मनावर घेऊ नका, ताटात अळी कुणालाच नको असते.

एक मात्र ठासून सांगते, तुम्हाला आणि बाकी वाचकांनाही. अळी निघाली म्हणजे भाजी बिनविषारी, हे गणित चुकीचं आहे. फवारलेल्या पिकातही अळी सापडते. तसंच 'घरच्यासारखी आहे' म्हणून न धुता खाणंही चुकीचं. शेतात शेणखत असतं, आणि कच्च्या शेणातून रोगजंतू येऊ शकतात. अमेरिकी सेंद्रिय नियमांनुसार खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर कच्चं खत घातल्यावर तोडणीपर्यंत १२० दिवस जावे लागतात, लागत नसेल तर ९०. नीट कुजवलेल्या कंपोस्टची गोष्ट वेगळी. २०११ मध्ये जर्मनीत ई-कोलाय या जिवाणूच्या साथीत ५० हून जास्त माणसं गेली. ती साथ एका सेंद्रिय शेतावरच्या मोड आलेल्या धान्यापर्यंत जाऊन पोचली, आणि मूळ दोष बहुधा बियाण्यात होता. घाबरवण्यासाठी सांगत नाही. जंतू प्रमाणपत्र वाचत नाहीत, तुमची ओळखही मानत नाहीत, एवढ्यासाठी सांगितलं. तेव्हा "खत कसं कुजवता, कधी घालता" हा प्रश्नही तुमच्या यादीत घाला. कच्च्या खायच्या भाज्यांसाठी तर नक्कीच.

मुलाचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात तथ्य आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले तेव्हा सेंद्रिय आणि साध्या भाजीच्या पोषणमूल्यांत ठोस फरक सापडला नाही. कीटकनाशकांचे अंश मात्र सेंद्रियमध्ये कमी वेळा सापडले. दोन वर्षांनी न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ अभ्यासांचं विश्लेषण झालं, त्यात सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळला. म्हणजे फरक आहे, पण बाजारातली भाजी खाल्ली म्हणून आभाळ कोसळत नाही. भाजी न खाण्यापेक्षा कुठलीही भाजी खाणं चांगलं, हे सांगायला मुलाला संशोधनाची गरज नाही. आणि पर्यावरणासाठी म्हणून जवळची भाजी घेत असाल तर थोडा हिशेब करा. अमेरिकेतल्या घरांच्या अन्नाबद्दल २००८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात अन्नामुळे होणाऱ्या एकूण हरितवायू उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्केच निघाला. एका क्रेटसाठी तुम्ही एकट्या गाडी काढून जात असाल तर तो फायदा पेट्रोलमध्येच जळतो. चार घरांनी मिळून एकीने आणावं, पण क्रेट उन्हात न ठेवता लगेच पोचवावा.

'पोटावर पाय' हा शब्द मला खटकला. तुम्ही त्यांच्या आश्रयदात्या नाही, ग्राहक आहात, वाटेकरी आहात. सोडायचा हक्क तुम्हाला पूर्ण आहे. नुकसान सोडण्याने होत नाही, उशिरा आणि गुपचूप सोडण्याने होतं. आगाऊ पैशांची मुदत आत्ता का आहे? बियाणं, रोपं आत्ता घ्यायची असतात. किती घरं पुढच्या हंगामात आहेत यावर किती वाफे करायचे ते ठरतं. तुम्ही पंधरा दिवसांच्या आत "नाही" म्हणालात तर ते एक वाफा कमी करतील. वाफा लावून झाल्यावर गप्प बसलात तर तो वाफा त्यांच्या अंगावर येईल.

आणि सोडणं किंवा तसंच चालू ठेवणं, एवढे दोनच रस्ते नसतात. अर्धा क्रेट घेता येतो. एक हंगाम आगाऊ न देता आठवड्याला रोख देऊन घेऊ का, असं विचारता येतं. फक्त पालेभाजी आणि कच्च्या खायच्या भाज्या त्यांच्याकडून, कांदे-बटाटे बाजारातून, असंही करता येतं. माझा कल विचाराल तर, उत्तरं सरळ आली तर मी अर्ध्या क्रेटवर आणखी एक हंगाम काढीन. उत्तरं फिरवाफिरवीची आली, किंवा एका प्रश्नाला दोन वेळा दोन उत्तरं आली, तर थांबेन. रासायनिक बुरशीनाशक होतं आणि त्यांनी ते मान्य केलं, तर काय? तिथे तुमची रेघ बोलेल, माझी नव्हे.

ज्यांनी अजून असं शेत निवडलेलं नाही, त्यांनी पहिले पैसे देण्याआधी एकदा शेतावर जावं, तेही पाहुण्यांसाठी ठेवलेल्या दिवशी नव्हे, एखाद्या साध्या दिवशी. थोडं तण दिसलं तर नाक मुरडू नये. मूठभर माती उचलून बघावी, भुसभुशीत आहे का, तिला वास आहे का. कंपोस्टचा ढीग कुठे आहे ते विचारावं, ज्या शेतावर तो दिसतच नाही तिथे पीक नेमकं कशावर पोसलं जातं, हेही लगेच विचारावं. शेतात आत्ता उभ्या असलेल्या भाज्या आणि विक्रीला ठेवलेल्या भाज्या जुळतात का, ते नजरेनेच मोजावं. आणि सगळ्यात शेवटी विचारावं, "यंदा काय बुडालं?" माझ्या अनुभवात या एका प्रश्नाने जितकं कळतं तितकं पाटी वाचून कधी कळत नाही. खरा शेतकरी क्षणभर थांबतो, मग एखाद्या वाफ्याकडे बोट दाखवतो.

ताई, आता तुमचं. क्रेट वाटायच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी त्यांना मान वर करायला फुरसत नसते. आदल्या दिवशी फोन करा आणि संध्याकाळी जा. दोघांपैकी ज्यांच्याशी तुमचं जास्त जुळतं त्यांच्याशी बोला. पत्रात तुम्ही दादांचाच उल्लेख केलाय, पण वही बहुधा वहिनींकडे असेल. आणि प्रस्तावना नको. "मी त्या दिवशी आले होते. तुम्ही टोमॅटोवर फवारत होतात, मी फाटकातूनच परत गेले. काय होतं ते?" एवढं बोलून थांबा. पुढचं मौन भरून काढायची घाई करू नका.

जाताना ते तीन क्रेट न्या. दर आठवड्याला रिकामे परत येतील या हिशेबानेच ते ठेवलेले असतात, तेव्हा तुमच्यामुळे तीन घरांची भाजी सध्या कुठल्यातरी पोत्यातून जात असणार.